न पुसता येणारी नोंद आणि पुसून घेण्याचा हक्क

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाणारी सामाईक नोंदवही. तिच्यातील प्रत्येक गटात आधीच्या गटाची गणिती खूण गुंफलेली असून अशी गटांची साखळी तयार होत असल्यामुळे जुन्या नोंदीत कोणी गुपचूप फेरबदल केला, तर तो लगेच उघडा पडतो. दुसरीकडे, 25 मे 2018 पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण विनियमाच्या, म्हणजे जीडीपीआरच्या, सतराव्या अनुच्छेदाने व्यक्तीला स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला असून भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातील कलम 12 मध्येही तसा हक्क आहे. एवढ्यावरून हे तंत्रज्ञान आणि हा कायदा एकत्र नांदूच शकत नाहीत, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. कायद्याला तंत्रज्ञानाशी वैर नाही. कोणाची माहिती, कोणत्या कामासाठी, कोठे आणि किती काळ ठेवली, एवढेच तो विचारतो आणि म्हणूनच खरा प्रश्न साखळीवर नेमके काय लिहायचे हा उरतो.

साखळीवर नावे नसतात, फक्त अंकाक्षरांचे पत्ते असतात, म्हणून तेथील माहिती अनामिक असते, हा समज सर्वांत जुना आहे. वस्तुतः ते टोपणनाव असते. मार्च 2023 पासून भारतातील क्रिप्टो-विनिमय केंद्रे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्यामुळे त्यांना ग्राहकाची ओळख पटवून घ्यावी लागते. पत्ता आणि व्यक्ती यांची एकदा सांगड बसली की त्या पत्त्याचे मागचे-पुढचे सारे व्यवहार वाचता येतात. युरोपीय न्यायालयाने 2016 च्या ब्रेयर खटल्यात आयपी पत्त्यांविषयी हेच तत्त्व लावले होते: ओळख पटवणारा दुवा दुसऱ्याच्या हाती असला, तरी तो वाजवी मार्गाने मिळू शकत असेल, तर ती माहिती वैयक्तिकच.

याहून फसवा समज हॅशचा आहे, कारण तो जाणकारांतही आढळतो. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरापासून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा अंकाक्षरसमूह. त्यावरून मूळ मजकूर उलट काढता येत नाही, म्हणून हॅश साखळीवर ठेवला की प्रश्न मिटला, असे मानले जाते. उलट काढता येत नाही हे खरे. पण अंदाज करून पडताळता येते. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि 6 ते 9 यांपैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे शक्यता 400 कोटी. एसएचए-256 या प्रचलित पद्धतीचे शेकडो कोटी हॅश एका सेकंदात काढणारे ग्राफिक्स कार्ड बाजारात मिळते, त्यामुळे सगळे क्रमांक तपासून हवा तो शोधायला मिनिटही लागत नाही. आधार क्रमांकाचे बारा अंकही त्या मानाने फार नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे 2022 साली जातीची प्रमाणपत्रे ब्लॉकचेनच्या आधारे पडताळता यावीत, असा उपक्रम हाती घेण्यात आला; अशा संपूर्ण दस्तऐवजाचा हॅश अंदाजाने सापडणे मोबाइल क्रमांकाइतके सोपे नसले, तरी ज्याच्याकडे प्रत आहे त्याला तो नेहमीच जुळवता येतो. उपाय आहे तो असा: मूळ माहिती साखळीबाहेर ठेवावी, हॅश काढण्यापूर्वी तिच्यात प्रत्येक नोंदीसाठी वेगळी, लांबलचक आणि गुप्त यादृच्छिक संख्या मिसळावी आणि पुसण्याची मागणी आली की मूळ माहिती व ती संख्या दोन्ही नष्ट करावीत. मग साखळीवर जे उरते, ते कोणाशीच जोडता येत नाही.

दुरुस्ती आणि पुसणे यांतही गल्लत होते. सातबाऱ्यावर फेरफार झाल्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करून नवे नाव लिहितात. साखळीवरही नवी नोंद जोडून जुनी रद्द ठरवता येते आणि दुरुस्तीचा हक्क बव्हंशी पाळला जातो. पण कंसातले नाव वाचता येतेच, म्हणून पुसण्याच्या हक्काला हे उत्तर पुरत नाही.

नोंद बदलणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, सबब कायदा लागू करता येणार नाही, हा युक्तिवाद युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने एप्रिल 2025 च्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात नाकारला आहे. शिवाय ती अशक्यता तितकीशी पक्की नाही: जून 2016 मध्ये ‘द डीएओ’ या निधीतून इथर हे आभासी चलन पळवले गेल्यावर इथेरियम या त्याच्या ब्लॉकचेनच्या बहुसंख्य सहभागींनी नियम बदलून त्या चोरीचा परिणाम उलटवला आणि ज्यांना ते मान्य नव्हते, त्यांची साखळी इथेरियम क्लासिक म्हणून वेगळी राहिली. अर्थात एका सामान्य माणसाच्या अर्जासाठी कोणी एवढा खटाटोप करणार नाही, हेही तितकेच खरे.

साखळीला मालक नाही, म्हणून जबाबदारही कोणी नाही, हा समज सोयीचा आहे. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने 2018 मध्येच स्पष्ट केले की व्यवहारांची केवळ वैधता तपासणारे मायनर नियंत्रक, म्हणजे माहितीला कायद्याने जबाबदार, ठरत नाहीत. व्यवसायाच्या ओघात साखळीवर माहिती लिहिण्याचा निर्णय घेणारा मात्र ठरतो. भारतीय अधिनियमात व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली किंवा कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक झालेली माहिती वगळली असली, तरी तिसऱ्यानेच परस्पर साखळीवर चढवलेली माहिती केवळ सर्वांना दिसते म्हणून या सवलतीत बसत नाही.