सागरतळीच्या समाधी

वसई तालुक्यातील वटार हे गाव वाड्यांचे, बागायतीचे. परंतु समुद्र येथून दूर नाही. उत्तरेस अर्नाळ्याजवळ वैतरणा नदी सागरास मिळते, तर शेजारचे आगाशी हे बंदर पोर्तुगीज अमदानीत नौकाबांधणीसाठी प्रसिद्ध होते. या किनाऱ्याने समुद्राकडून अन्न व व्यापार मिळविला, त्याचप्रमाणे माणसेही गमावली. झाईपासून तेरेखोलपर्यंतच्या संपूर्ण किनारपट्टीचा अनुभव हाच आहे. जमिनीवर मरण पावलेल्या माणसास चिता किंवा कबर लाभते. समुद्रात बुडालेल्यांपैकी अनेकांना बुडालेली नौका हीच समाधी ठरते. अशा समाधिस्थानांकडे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न किनारपट्टीच्या गावांना जवळचा आहे.

तीन दुर्घटना

वैतरणा नदीचेच नाव असलेली एक आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघाली. विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात नाहीशी झाली आणि तिच्यासह सातशेहून अधिक माणसे गेल्याचे मानले जाते. कोणाचीही उत्तरक्रिया करावी असे काही हाती आले नाही. गुजराती लोकगीतांनी मात्र तिची स्मृती आजवर जतन केली आहे.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही बोट रेवसकडे निघाली. दिवस आषाढ अमावास्येचा, म्हणून गावी जाणाऱ्यांची गर्दी मोठी होती. काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्याने बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. जे वाचले त्यांतील अनेकांना मच्छीमारांनी आपल्या होड्यांत घेतले. अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही झाले नाही.

१९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका दीवपासून काही अंतरावर पाणतिराच्या माऱ्याने बुडाली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या सहकाऱ्यांना वाचविण्याचा प्रयत्न करीत नौकेसोबतच जलसमाधी स्वीकारली. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र प्रदान करण्यात आले. 'खुकरी' आजही सागरतळीच आहे. तिचे स्मारक मात्र दीवच्या किनाऱ्यावर उभारण्यात आले आहे. स्मृतीसाठी नौका वर काढण्याची गरज नसते, हे या स्मारकावरून ध्यानात येते.

भग्ननौकांना असलेला धोका

खोल पाणी हेच पूर्वी या नौकांचे संरक्षण होते. पाणबुड्याची साधने व ध्वनिलहरींनी तळ शोधणारी यंत्रे सुलभ झाल्यावर ते उरले नाही. तांबे, पितळ व पोलाद यांना बाजारात मोल आहे, तर जुन्या वस्तूंना हौशी संग्राहक मिळतात. १९४२ मध्ये जावा समुद्रातील लढाईत बुडालेल्या तीन डच युद्धनौकांचे अवशेष पुढे सापडले होते. २०१६ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी दोन संपूर्ण व तिसरीचा मोठा भाग नाहीसा झाल्याचे आढळले. शेकडो नाविकांची समाधी भंगारात गेली होती.

या अनुभवांतूनच कायदे घडत गेले. ब्रिटनने १९८६ मध्ये लष्करी अवशेषांच्या संरक्षणाचा कायदा केला. युनेस्कोने २००१ मध्ये पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयी करार संमत केला व तो २००९ मध्ये अंमलात आला. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेले अवशेष शक्यतो जागीच जतन करावेत, त्यांचा व्यापार करू नये आणि सागरातील मानवी अवशेषांचा योग्य आदर राखावा, ही त्याची मुख्य सूत्रे आहेत.

आपल्या देशात पाण्याखालील संशोधनास गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने चालना दिली. गोव्याजवळील सुंची खडकाच्या परिसरात तिच्या संशोधकांना एका भग्ननौकेचे अवशेष व हस्तिदंत मिळाले. अशा कामात प्रत्येक वस्तूची जागा नोंदविली जाते. ती जागा पुसली गेली की वस्तू उरते, पण तिची हकिगत हरवते. सापडलेल्या भग्नावशेषांची वर्दी देण्याचे बंधन १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात होते. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या नव्या कायद्यातही भग्ननौकांसाठी तरतुदी आहेत.

आदर म्हणजे काय?

समाधीचा आदर म्हणजे तिच्याकडे पाठ फिरविणे नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने १८६ जणांना वाचविले. नंतर 'मकर' या सर्वेक्षण नौकेने तराफ्याचे अवशेष शोधले व पाणबुडे तळाशी उतरले. काही मृतदेह रायगड व वलसाडच्या किनाऱ्यांवरही लागले. ओळख पटविण्यासाठी जनुकीय चाचणीचा आधार घ्यावा लागला. येथे तळाशी उतरणे हेच आदराचे कृत्य होते, कारण वाट पाहणाऱ्या आप्तांचा हक्क प्रथम येतो. शोध संपल्यावर मात्र लाभासाठी किंवा कुतूहलापोटी त्या जागेस हात लावणे उचित नव्हे. हेतू कोणता, यावरून शोध व लूट यांतील भेद ठरतो.

गावपातळीवरील कर्तव्ये

या बाबतीत किनाऱ्यावरील गावांना बरेच काही करता येईल. जाळ्यात अथवा वाळूत मानवी अवशेष आढळल्यास ते न हलविता पोलिसांना त्वरित कळवावे. नौकेचे जुने भाग सापडल्यास ते भंगारात न विकता संबंधित अधिकाऱ्यांना वर्दी द्यावी. जाळे अडकण्याच्या जागा अनुभवी मच्छीमारांना ठाऊक असतात. त्यांपैकी काही जागी जुनी नौका असू शकते. म्हणून ही माहिती लिहून ठेवणे मोलाचे ठरेल.

बेपत्ता माणसाच्या कुटुंबाचा प्रश्न अधिक बिकट असतो. मृतदेह नसल्यास मृत्यूचा दाखला मिळण्यात अडचणी येतात आणि वारसा, विमा, बँकेतील ठेव ही सर्व कामे खोळंबतात. सात वर्षे कोणतीही वार्ता नसलेली व्यक्ती मृत असल्याचे कायदा गृहीत धरतो. परंतु त्यासाठी ती बेपत्ता झाल्याची नोंद वेळीच झालेली असावी लागते. अशी तक्रार नोंदविण्यास कुटुंबाला साह्य करणे, ही पंचायत सदस्यांनी करावयाची खरी सेवा होय.

शिक्षकांनाही येथे कार्य आहे. समुद्रावर गेलेल्या व न परतलेल्या ग्रामस्थांची नावे, त्यांचे वय व नौकेचे नाव वृद्धांकडून विचारून विद्यार्थ्यांनी वहीत उतरवावीत. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करणारी आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावणारी कुटुंबे या परिसरात शेजारी नांदतात. ज्यांना चिता नाही व कबरही नाही, त्यांची नावे त्या दिवशी गावात वाचली गेली, तर त्यास खर्च काहीच येणार नाही. सागरतळीच्या समाधीवर दगड ठेवता येत नाही, पण नाव मात्र राखता येते.