स्वप्नदर्शी समाजवाद आणि फरिदाबादचा प्रयोग

टॉमस मोर याने १५१६ मध्ये घडविलेल्या 'युटोपिया' या शब्दाचा अर्थ 'कोठेही नसलेले स्थान' असा होतो. मार्क्स व एंगल्स यांनी ओवेन, फूरिए प्रभृतींच्या विचारांना हेच विशेषण लावले आणि या संज्ञेला अव्यवहार्यतेचा वास चिकटला. वस्तुतः या विचारवंतांचा मूळ प्रश्न व्यवहाराचाच होता : माणसांनी स्पर्धेवाचून एकत्र राहून उत्पादन करावे, ते कसे?

रॉबर्ट ओवेनने १८२५ मध्ये अमेरिकेत 'न्यू हार्मनी' ही वसाहत स्थापिली. दोनच वर्षांत ती विस्कटली. आराखडा एका उदार धनिकाचा होता, रहिवासी मागाहून आले. १८४४ मध्ये रॉचडेलच्या कामगारांनी मात्र स्वतःच्या पैशाने एक साधे दुकान काढले आणि त्यातून सहकारी चळवळ वाढली.

दिल्लीच्या परिसरात हा प्रश्न फाळणीनंतर नव्याने उभा राहिला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन स्थापन झाली आणि मेहरौलीजवळील छत्तरपूर येथे निर्वासितांची सहकारी शेती सुरू झाली. पुढे १९४९ मध्ये फरिदाबाद विकास मंडळ अस्तित्वात आले. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी येथे नवे नगर वसवावयाचे होते. ते ठेकेदारांकरवी न बांधता निर्वासितांनीच श्रमिक सहकारी संस्थांच्या द्वारे बांधावे, असा आग्रह धरला गेला. ज्यांनी पूर्वी गवंडीकाम केले नव्हते, त्यांनीही स्वतःची घरे उभारली. येथे दया अथवा दान यांचा संबंध नव्हता. आश्रित हाच कर्ता झाला होता.

पुढे नगराचा कारभार सरकारी खात्याच्या हाती गेला आणि सहकारी संस्थांचे बळ ओसरले. लक्ष्मीचंद जैन यांनी १९९८ मध्ये 'द सिटी ऑफ होप' या ग्रंथात ही हकीकत सांगितली. ओवेनच्या वसाहतीत निर्णय आरंभापासूनच रहिवाशांचा नव्हता. फरिदाबादेत तो त्यांच्या हातून निसटला.

मराठी वाचकाला 'सहकार' म्हटले की १९५० मध्ये गाळप सुरू झालेला प्रवरेचा साखर कारखाना आठवतो. तेथे सहकार उसाच्या व्यवहारापासून निघाला आणि शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचला. फरिदाबादेत तो राहत्या घरापासून निघाला. दोहोंची कसोटी मात्र एकच : निर्णय कोणाचा? स्वप्न अव्यवहार्य ठरते ते याच प्रश्नाच्या उत्तरात. त्याच्या भव्यतेमुळे नव्हे.