एल्मची बैठक

जानेवारी संपत आला की आमच्या गच्चीवरच्या चायनीज एल्मच्या डहाळ्यांवर खसखशीएवढे डोळे फुगायला लागतात. पुण्यात तेव्हा सकाळी अजून गारवा असतो. डोळे उघडायच्या आत झाड कुंडीतून बाहेर निघालं पाहिजे. आठवडाभर हयगय केली की कोवळी पानं पाणी मागायला लागतात, आणि ते पुरवणारी मुळं नेमकी आपण कापून ठेवलेली असतात.

एल्म तसा अगदी परका नाही. आपला वावळा त्याच्याच कुळातला. उन्हाळ्यात वावळ्याच्या त्या कागदासारख्या पंखवाल्या चकत्या वाऱ्यावर भिरभिरत अंगणात येतात, तशीच एल्मचीही बी. चायनीज एल्म मूळचा चीन, जपान, कोरियाचा. पान नखाएवढं, फांद्या बारीक, छाटणीला पटकन फुटवा. म्हणून नवशिके त्याच्या प्रेमात पडतात. मीही पडलो.

सात वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून आणलेलं हे झाड मी मोठ्या ऐटीत बोन्साय शिकवणाऱ्या बाईंना दाखवायला नेलं होतं. वळणदार खोड, वर पानांचा दाट डेरा. बाईंनी वर पाहिलंच नाही. बोटानं बुंध्याजवळची माती उकरली आणि म्हणाल्या, "अरे, हे झाड बसलेलं नाही. कुणीतरी काठी खुपसून ठेवल्यासारखं दिसतंय."

बुंध्यापासून चहूकडे पसरत मातीत शिरणाऱ्या मुळांना जपानीत 'नेबारी' म्हणतात. 'ने' म्हणजे मूळ, आणि उरलेल्या शब्दाचा अर्थ पसरणं, ताणलं जाणं. बाईंचा शब्द मात्र 'बैठक'. गवई मांडी ठोकून बसला की पुढचे दोन तास हलणार नाही याची जशी खात्री पटते, तसं झाड दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वड-पिंपळाचं बोन्साय करणाऱ्यांना हे सोपं जातं, खोडावर कुठेही मुळं फुटतात. एल्मला पारंब्या नसतात. त्याची बैठक घडवावी लागते.

माझ्या झाडाला उजवीकडे अंगठ्याएवढं एकच मूळ होतं, पुढे दोन सुतळ्या, मागे एक, आणि डावीकडे काहीच नाही. बाईंसमोर बसून मातीचा गड्डा मी टोक वाकवलेल्या जुन्या विणायच्या सुईनं विंचरत होतो. बुंध्याकडून बाहेर, केसांचा गुंता सोडवावा तसा. एल्मची मुळं मांसल आणि लवचिक असतात, चटकन तुटत नाहीत. तासाभरानं सगळं उघडं झालं. मी सुतळ्या छाटायला कात्री उचलली, तर बाईंनी हात धरला. "त्या राहू देत. तो दांडगा काप."

सगळ्यात सशक्त मूळ कापायचं हे पचायला वेळ लागतो. पण हिशेब साधा आहे. जाड मूळ जास्त पाणी ओढतं, म्हणून अधिक जाड होतं, आणि त्याच्या वरचा बुंधाही त्याच बाजूला फुगत जातो. शेजारची मुळं जन्मभर सुतळीच राहतात. ते आखूड कापलं की तोंडाशी चार-पाच नवी फुटतात आणि बाकीच्यांना वाढायला उसंत मिळते. सरळ खाली जाणारी मुळं मात्र बिनदिक्कत साफ करायची. तळ सपाट झाला की त्याखाली बाथरूमची उरलेली फरशी ठेवायची. मुळं मग खाली न जाता आडवी धावतात. एबिहारा नावाचे जपानी बोन्सायकार तर मेपलची मुळं लाकडी फळीवर हव्या त्या दिशेला वळवून खिळ्यांनी जखडत. मी खिळ्यांच्या वाटेला गेलो नाही.

राहिली डावी बाजू. तिथे खोडाच्या सालीला पाकळीएवढ्या तीन खिडक्या पाडल्या, आतलं पांढरं लाकूड दिसेपर्यंत. वरून उतरणारं अन्न कापलेल्या कडेशी अडतं आणि तिथूनच मूळ फुटतं. वरच्या कडेला हार्मोनची पावडर लावली, ओलं शेवाळ दाबलं आणि दोन इंच मिश्रणाखाली सगळं गाडून टाकलं. मिश्रण म्हणजे विटांचा चुरा, सिंडर आणि मूठभर जुनं शेणखत. चाळून, धूळ पूर्ण काढून. मग तीन आठवडे सावली, आणि नवी पानं पक्व होईपर्यंत खत नाही.

पावसाळ्यात हळूच उकरून पाहिलं. तीनपैकी दोन खिडक्यांतून पांढरी मुळं निघाली होती! इथेच माझा उतावळेपणा नडला. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून ती मुळं मी उघडी करून ठेवली. मूळ पोसतं मातीखाली. उघड्यावर आलं की त्याची जाडी वाढणं मंदावतं. मार्चच्या उन्हात त्यातलं एक सुकून काडी झालं. पाहुण्यांनी झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

कापलेलं दांडगं मूळ मी टाकलं नव्हतं. वरचं टोक मातीबाहेर ठेवून ते वेगळ्या कुंडीत लावलं होतं, आणि महिन्याभरात त्याला कोंब आले. एल्मच्या मुळाच्या तुकड्यातून सहसा नवं झाड उभं राहतं. आज त्या कोंबांचं रोप पेन्सिलीएवढं जाड आहे. आता खोडाच्या रिकाम्या जागी खाच पाडून हे रोप तिथे बसवायचं, पक्कं बांधायचं, आणि कलम जुळलं की त्याचा शेंडा उडवायचा. खालची मुळं मोठ्या झाडाची होतील. रोप त्याच झाडाचं असल्यामुळे साल सालीत मिसळेल.

खाच येत्या जानेवारीत पाडायची आहे. तोवर बुंध्यावर दोन इंच माती आहे, आणि या दिवाळीला ती काढायची नाही असं घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय.