गाडीमागची गाडी (लेखांक ४) : आधी वजनकाटा, मग ॲक्सल

मागच्या आठवड्यात चेसी आणि ओढदांडा झाला. आता चेसीखालचं सामान. उदाहरण तेच ठेवू : पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडवर टोयोटा हायलक्समागे न्यायचा, सामानासकट ६०० किलोचा ट्रेलर. हा सुमारे ६६० किलोमीटरचा रस्ता मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी काढलेला, आणि बराचसा अजूनही कच्चाच आहे.

कच्च्या रस्त्यावर खड्ड्यांपेक्षा जास्त छळतात त्या आडव्या लाटा, पन्हळी पत्र्यासारख्या. ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन यांनी २००७ साली प्रयोगाने दाखवलं की वाळूवरून स्प्रिंग नसलेलं नुसतं चाक फिरवलं, तरी ठरावीक वेगापुढे या लाटा उठतातच. दोन लाटांत पाऊण मीटर अंतर आणि ताशी ६० किलोमीटर वेग धरला, तर चाकाला सेकंदाला बावीस धक्के बसतात, आणि तेही तासन्‌तास.

असं वर्णन ऐकलं की माणूस दुकानात जाऊन सर्वांत दणकट ॲक्सल मागतो. हलक्या ट्रेलरचं नुकसान नेमकं तिथे सुरू होतं. चेसीच्या बाबतीत थोडी जादा ताकद खपून जाते, स्प्रिंगच्या बाबतीत ती अंगावर येते. भाराखाली स्प्रिंग जितके सेंटीमीटर दबते, त्या आकड्याच्या वर्गमुळाने ५ ला भागा. ट्रेलर सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते कळतं. आपल्या ६०० किलोंतून चाकं, हब, ॲक्सल आणि ओढदांड्यावरचा भार वजा केला, तर स्प्रिंगच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) साधारण ४५० किलो येतात. पाट्यांच्या दोन जोड्या घेऊ, एक ६०० किलोंची, दुसरी १,५०० किलोंची. पूर्ण भाराला दोन्ही ६ सेंटीमीटर दबतात असं धरू. आपल्या भाराखाली पहिली साडेचार सेंटीमीटर दबेल, दुसरी जेमतेम १.८. पहिलीवर ट्रेलर सेकंदाला सुमारे २.४ वेळा हलेल, दुसरीवर ३.७ वेळा. शिवाय जाड पाट्यांमधलं घर्षणही जास्त असतं. लहान धक्क्यांना ते पाटे हलतच नाहीत. धक्का थेट चेसीत जातो आणि वेल्डिंगला तडे पाडतो.

म्हणून ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरून, पाण्याच्या टाक्यांसकट, काट्यावर चढवा आणि मगच क्षमता ठरवा. थोडी जादा चालेल, अडीचपट नको.

प्रकार म्हणाल, तर मी पाट्यांच्याच बाजूचा आहे : लांब, पातळ पाटे, मागे शॅकल आणि जोडीला शॉक ॲब्सॉर्बर. बावीस धक्क्यांच्या रस्त्यावर चाक जमिनीला टिकवून धरायचं काम शॉक ॲब्सॉर्बरच करतो, नुसत्या पाट्यांच्या घर्षणाला ते झेपत नाही. पाटा तुटलाच, तर नवा पाटा आणि यू-बोल्ट घालून संध्याकाळपर्यंत पुन्हा निघता येतं.

रबराचा टॉर्शन ॲक्सल मात्र मोहात पाडणारा आहे. चौकोनी नळीत तिरका बसवलेला चौकोनी दांडा, आणि चार कोपऱ्यांत दाबून भरलेले रबराचे दांडे. शॅकल नाही, करकर नाही. स्विस अभियंता नाइडहार्ट यांची ही कल्पना अतिशय सुंदर आहे. पण रबराची क्षमता कारखान्यातच ठरते. नंतर एखादा पाटा काढला, एखादा वाढवला, असं करता येत नाही. रबर थकलं की अख्खा ॲक्सल बदलायचा, आणि गिब रिव्हर रोडवर तो कुठून आणणार? मालाचा भार कायम सारखाच राहणार असेल आणि रस्ते बरे असतील, तर जरूर घ्या.

स्वतंत्र ट्रेलिंग आर्मला मधला दांडा नसतो, त्यामुळे दगडांवरून जाताना पोट उंच राहतं. मात्र त्यांचे बहुतेक संच जड कॅरव्हॅनसाठी बनतात. ६०० किलोच्या ट्रेलरखाली ते वजन आणि पैसा दोन्ही खातात.

बेअरिंग निवडताना नावीन्य टाळा. होल्डन कंपनीने ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं २०१७ साली थांबवलं, तरी ट्रेलरचं 'होल्डन बेअरिंग' तिथल्या आडगावच्या दुकानातही मिळतं. आपल्या वजनाला ४० मिलिमीटरचा चौकोनी दांडा आणि हे बेअरिंग ही रुळलेली जोडी आहे. जादा संच ग्रीस भरून सोबत ठेवा.

हब मात्र ओढणाऱ्या गाडीच्या चाकाला जुळणारा मागवा. हायलक्सला सहा बोल्ट लागतात, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. मग टायर एकाच मापाचे ठेवता येतात आणि दोन्ही स्टेपन्या दोन्हीकडे चालतात. चाकं मोठी झाल्याने स्प्रिंगखालचं वजन वाढतं, ते मला खटकतं. पण आडरानात चार स्टेपन्यांऐवजी दोन न्यायला मिळत असतील, तर मी ते पत्करेन. दोन चाकांमधली रुंदीही गाडीएवढीच ठेवा, म्हणजे वाळूत ट्रेलर गाडीने पाडलेल्या चाकोरीतूनच येतो आणि नवी चाकोरी पाडण्यात इंजिनाची ताकद जात नाही.

उरले ब्रेक. एका ॲक्सलवर ७५० किलोपर्यंत भार असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या नियमांनुसार ट्रेलरला ते सक्तीचे नाहीत. आपला ट्रेलर त्यात बसतो, तरीही मी ते लावायला सांगेन. का, ते पुढच्या आठवड्यात.