कुष्ठमुक्तांचा रोजगार: मिळण्याइतकेच टिकणेही कठीण

कुष्ठरोगाचा औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून इतरांना संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ संपते. मात्र उपचारास उशीर होऊन मज्जातंतूंना इजा पोहोचली असेल, तर हातापायांची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. रोग बरा झाल्याचा दाखला हाती असतो आणि बोटे बधिर असतात. ज्याचे पोट हातावर आहे अशा माणसाचा रोजगार नेमका येथे धोक्यात येतो.

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. विनोबा भावे यांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये महारोगी सेवा समितीचे काम सुरू केले आणि वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभे राहिले. त्या काळी देशातील बहुतेक कुष्ठसेवा मिशनऱ्यांच्या संस्थांकडून होत असे. म्हणूनच गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत कुष्ठसेवेला स्थान देताना दिवाणांच्या कार्याचा आवर्जून उल्लेख केला. सेवाग्राम आश्रमात गांधीजी परचुरेशास्त्री यांची स्वतः शुश्रूषा करीत, ही हकिकत सर्वश्रुत आहे. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस दत्तपुरात गेले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

दत्तपूर सुरू झाले तेव्हा या रोगावर प्रभावी औषध नव्हते. चालमोगऱ्याच्या तेलावर भिस्त होती. तरीही तेथे शेती, सूतकताई आणि विणकाम रुग्णच करीत. माणूस आधी पूर्ण बरा होऊ दे, मग त्याच्या कामाचे पाहू, ही भूमिका तेथे घेतली गेली नाही. आज दिव्यांगांच्या रोजगाराविषयी जे नव्याने सांगितले जाते, त्यातील बराचसा विचार या जिल्ह्यात तेव्हाच आचरणात आला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

जिल्ह्यातीलच हिंगणघाट हे बाबा आमटे यांचे जन्मगाव. त्यांनी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाचे उद्घाटन १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते झाले. खडकाळ जमिनीत रुग्णांनी विहिरी खोदल्या, भाजीपाला पिकवला. पण आरंभी वरोऱ्याच्या बाजारात त्या भाजीला गिऱ्हाईकच मिळेना. हात कामाला लागले होते, माल उत्तम होता. अडले होते ते विकत घेणाऱ्याच्या मनातील भीतीपाशी. पुढे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांच्या बरोबरीने राबले व तेथलेच अन्न जेवले. त्यानंतर ही भीती ओसरू लागली. आपल्या लोकांना हे पटण्यासाठी बाहेरच्या पाहुण्यांची साक्ष लागावी, हे फारसे भूषणावह नाही.

या वसाहतींनी हजारोंना प्रतिष्ठेचे जिणे दिले, यात शंका नाही. पण त्यासाठी माणसाला आपले गाव सोडावे लागले. त्यावर दुसरी वाटही वर्ध्यातूनच निघाली. १९५१ मध्ये येथे स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने घरोघरी पाहणी, लोकशिक्षण आणि घरी राहूनच उपचार अशी पद्धत रुजवली. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बहुऔषधी उपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम राबवले गेले, त्यांत वर्धा होता. रुग्ण घरी राहू लागला म्हणजे त्याचे कामही गावातच टिकले पाहिजे, हे ओघाने आले. प्रत्यक्षात तेवढेच मागे राहिले.

काम सुटते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. कुष्ठरोगाने बोटे झडतात, हा जुना समज. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटांची हानी मुख्यतः वेदना न कळल्यामुळे होते. चटका बसला तरी हात मागे घेतला जात नाही. फोड आला तरी काम थांबत नाही. जखम चिघळते आणि हाडापर्यंत जाते. कापूस वेचणाऱ्या बाईचेच उदाहरण घ्या. सुकलेल्या बोंडाची टोके तिच्या बोटांना दिवसभर टोचतात, पण तिला ते जाणवत नाही. निंदणाच्या वेळी खुरप्याची बारीक मूठ ती गरजेपेक्षा जास्त आवळून धरते, कारण पकडीचा अंदाज त्वचेकडून मिळतच नाही. चार दिवसांनी हात सुजतो, खाडे पडतात आणि पुढच्या खेपेस तिला कोणी बोलावत नाही.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. अवजाराची मूठ जाड करून तिच्यावर कापड किंवा रबर गुंडाळावे. वेचणीला हातमोजे, चुलीजवळ जाड फडके, पायात मऊ रबरी तळव्याची चप्पल असावी. रोज संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवून तेल लावावे आणि डोळ्यांनी नीट तपासावेत. जे कातडीला कळत नाही ते डोळ्यांनी पाहायचे. मालकाने फोड दिसताच दोन दिवस वेगळे काम दिले, तरी पुढचा महिनाभराचा खाडा वाचतो.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात कुष्ठमुक्तांचा समावेश होता, पण सरकारी नोकऱ्यांतील तीन टक्के आरक्षणाच्या वाटणीत त्यांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आरक्षण चार टक्के केले आणि अस्थिव्यंगाच्या एक टक्क्यात कुष्ठमुक्तांना नावानिशी स्थान दिले. बाहेरून व्यंग दिसत नसले तरी हातापायांची संवेदना गेली असल्यास ती व्यक्ती या व्याख्येत बसते. आरक्षणासाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. याच अधिनियमातील कलम २० अधिक मोलाचे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा घटवता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच वेतनात त्याला सामावून घ्यावे लागते. तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते.

खासगी मालकांबाबत कायदा बराच मवाळ आहे. पाच टक्के दिव्यांग कामावर असावेत यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावे, एवढेच तो म्हणतो. शेतमजुराला तर कलम २० चे संरक्षणही नाही. त्याच्या बाबतीत नोकरी टिकणे म्हणजे शेतमालकाने, मुकादमाने आणि सोबतच्या मजुरांनी त्याला पुन्हा बोलावणे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. त्याच्या योजना नोकरभरती आणि कर्जाइतक्याच बांधावरच्या अवजारांपर्यंतही पोहोचायला हव्यात.

प्रमाणपत्रासाठी जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ वाकडी बोटे पाहून तपासणी आटोपू देऊ नये. तळहात व तळपायांची संवेदना तपासून तिची नोंद करण्याचा आग्रह धरावा. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगून साध्या बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करीत आरोग्य कर्मचारी ही तपासणी करू शकतात.