स्मृतीचा स्टुडिओ

जीयंग ली : ‘स्टेज ऑफ माइंड’

■ स्टेज्ड फोटोग्राफी : दृश्य आधी रचायचे, मग टिपायचे.

■ कलावंत : जन्म १९८३, दक्षिण कोरिया. सोलच्या होंगिक विद्यापीठात शिक्षण. मालिकेचा आरंभ २००७.

■ जागा : सोलमधला स्टुडिओ, जेमतेम ३ मीटर बाय ६ मीटर. नेपथ्य स्वतःच्या हातांनी. एकेका दृश्याला कित्येक आठवडे, कधी महिने. संगणकावर जोडकाम नाही. फोटो निघाला की सेट मोडतात, उरते फक्त छायाचित्र.

■ विषय : बालपण, स्वप्ने, कोरियन लोककथा. चित्रांत त्या स्वतः असतात, अनेकदा चेहरा न दाखवता.

■ ‘ट्रेझर हंट’ : लहानपणीचे कुरण. सगळे गवत तारेचे. ते वळण्यात सुमारे ३ महिने गेले.

■ ‘रिझरेक्शन’ : रंगवलेली कागदी कमळे, खोलीभर धुके. प्रेरणा दुहेरी : शेक्सपिअरची ऑफेलिया आणि कोरियन लोककथेतली शिम चाँग.

■ फरक : सिंडी शर्मन यांच्या ‘अनटायटल्ड फिल्म स्टिल्स’मध्येही (१९७७-८०) छायाचित्रकारच समोर असते; पण तिथे साकारल्या जातात सिनेमातल्या ठरावीक नायिका, खासगी आठवणी नव्हेत.

■ प्रदर्शन : २०१४, ओपियोम गॅलरी, ओपियो, फ्रान्स.