नऊ मीटरचा रस्ता आणि तिसऱ्या मजल्यावरची आजी

एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

मागच्या रविवारी आमच्या गल्लीत मीटिंग झाली. गल्ली कोथरूडमधली. दोन्ही बाजूंना १९८०च्या दशकातल्या तीन मजली सोसायट्या, मध्ये दोन-चार बंगले. विषय एकच होता: प्रत्येकाने आपल्या आवारातली दीड मीटरची पट्टी रस्त्यासाठी सोडायची की नाही? दीड मीटर म्हणजे ॲक्टिव्हा आडवी उभी केली तरी बाहेर येईल, एवढीच जागा. त्यावरून दोन तास भांडण झालं.

आमची आजी तिसऱ्या मजल्यावर राहते. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि तिचे गुडघे गेलेत. गेल्या वर्षभरात ती किती वेळा खाली उतरली, हे मी बोटांवर मोजू शकतो. त्यामुळे मी या भांडणात तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण मीटिंगमध्ये निम्म्या लोकांना आपण नक्की कशावर भांडतोय हेच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी कोड लिहिणारा इंजिनियर, सिव्हिलशी संबंध नाही. मग घरी येऊन नियमावली उघडली.

तर, एफएसआय. मराठीत चटईक्षेत्र निर्देशांक. तुमचा प्लॉट १,००० चौरस मीटर आहे आणि एफएसआय १ आहे, तर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधता येतं. एफएसआय २ असेल तर २,०००. आता गंमत अशी, की हा आकडा मुख्यतः तुमच्या प्लॉटसमोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर ठरतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडले, तर ती जवळपास सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. तिच्यात पुण्यासारख्या शहरात, गावठाणाबाहेरच्या भागात, मूळ एफएसआय १.१ आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल, तर तेवढ्यावरच थांबायचं. रस्ता नऊ मीटर झाला की वर ०.५ प्रीमियम भरून मिळतो आणि ०.४ टीडीआरच्या रूपाने वापरता येतो. एकूण २. पुढे रस्ता जसा रुंद होतो, तसा आकडा वाढत ३० मीटरच्या रस्त्यावर ३ पर्यंत जातो. (टीडीआर म्हणजे रस्ता, बाग वगैरेसाठी ज्यांची जमीन गेली, त्यांना मोबदला म्हणून मिळालेला बांधकामाचा हक्क. तो बाजारात विकत घेता येतो.) शिवाय राहण्याच्या इमारतीला जिने, बाल्कनी, पॅसेज यांच्यासाठी ६० टक्के जादा मिळतात.

आता आमच्या सोसायटीचा हिशेब करू. सोपा राहावा म्हणून आकडे गोल केलेत, आणि जुन्या इमारतींना जी वेगळी सवलत असते ती धरलेली नाही. प्लॉट १,०००, फ्लॅट १६. रस्ता सहा मीटरचा, म्हणजे १,१०० अधिक ६० टक्के, एकूण १,७६०. प्रत्येकाला आत्तापेक्षा थोडं मोठं घर द्यायचं, तर त्यातच सुमारे १,६०० संपतात. बिल्डरकडे विकायला उरले जेमतेम दोन फ्लॅट. तो आपली बिल्डिंग फुकटात बांधून, वर दोन-तीन वर्षं भाडं कशाला देईल? नऊ मीटरला मात्र २,००० अधिक ६० टक्के, म्हणजे ३,२००. आपले १६ देऊन तेवढेच त्याला विकायला मिळतात. म्हणून आमच्या आजीची लिफ्ट समोरच्या रस्त्याच्या तीन मीटरमध्ये अडकली आहे.

मग प्रत्येकाने आपली पट्टी द्यावी आणि मोकळं व्हावं, नाही का? इथेच खरी गाठ आहे. पट्टी दिली की रुंद रस्त्याचा फायदा मिळतो, असं नियम सांगतो. पण अट अशी, की रस्ता एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत सलग रुंद झाला पाहिजे. आपल्यापुरता रुंद करून चालत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर एक टेस्ट फेल झाली की अख्खा बिल्ड फेल.

आमच्याकडे ती टेस्ट म्हणजे कोपऱ्यातल्या बंगल्याचे काका. त्यांना रिडेव्हलपमेंट करायची नाही. त्यांचं म्हणणं मी शब्दशः सांगत नाही, पण मुद्दा असा: माझं कुंपण जाणार, आंब्याचं झाड जाणार, आणि बदल्यात चहूबाजूंनी टॉवर येणार. मग मी का द्यावं? मीटिंगमध्ये दोघं-तिघं त्यांच्यावर चढून बोलले. मला ते आवडलं नाही. सोसायटीत एकूण सभासदांपैकी ५१ टक्के हो म्हणाले की पुनर्विकास पुढे सरकतो. गल्लीला मात्र बहुमत नावाची गोष्टच नाही. तिथे एका माणसाचा नकार पुरतो, आणि मग त्या एका माणसावर सगळ्यांचा राग निघतो.

दुसरा रस्ता महापालिकेचा. कायद्याच्या कलम २१० खाली पालिका स्वतः रस्त्याची नवीन रेषा आखू शकते. २०२० मध्ये पुण्याच्या स्थायी समितीने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव मंजूर केला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! हेच रस्ते का, बाकीचे का नाहीत, कोणाच्या फायद्यासाठी, असे प्रश्न आले. रास्त प्रश्न होते. रस्ते निवडून निवडून घेतले की संशय येणारच.

विरोध करणाऱ्यांचा पाण्याचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. आज १६ फ्लॅटमध्ये घरटी चार माणसं धरली तर ६४ माणसं. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी रोज १३५ लिटर आहे, म्हणजे ८,६४० लिटर. उद्या ३५ फ्लॅट झाले की १४० माणसं आणि १८,९०० लिटर. गल्लीत अशा दहा सोसायट्या धरल्या, तर रोज एक लाख लिटर पाणी जास्त लागेल. दहा हजार लिटरचे दहा टँकर! पाण्याची लाइन तीच, ड्रेनेजची लाइनही तीच. प्लॅन मंजूर होतात ते एकेका प्लॉटचे. सगळ्या गल्लीची बेरीज एकत्र मांडलेला कागद आमच्या मीटिंगमध्ये कोणीच दाखवू शकलं नाही.

पार्किंगचा मुद्दा मात्र मला पटत नाही. आज सहा मीटरच्या रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या उभ्या असतात. मधून कचऱ्याची गाडी जाताना आरसे मिटावे लागतात, अग्निशमनचा बंब तर विसराच. नव्या बिल्डिंगमध्ये निदान गाड्या आत जातील.

आणि ‘इथे गर्दी नको’ म्हणताना गर्दी जाते कुठे, तेही बघू या. माझ्या टीममधल्या बहुतेकांना कोथरूडात घर परवडत नाही. ते शहराच्या कडेला राहतात. २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. तिथल्या कित्येक नव्या सोसायट्या टँकरवर जगतात, आणि माणसं दिवसाचे दोन-दोन तास रस्त्यावर घालवतात. जिथे शाळा, दवाखाना, बस आणि आता मेट्रोही आहे, तिथे माणसं वाढू द्यायची नाहीत, आणि जिथे काहीच नाही तिथे वीस मजले बांधायचे, हे मला उलटं वाटतं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने यावर वेगळा उपाय केला. २०१६ मध्ये त्यांनी शहरातल्या सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर एकदम जास्त घरं बांधायला परवानगी दिली. तिथेही जुन्या वस्त्यांनी ऊन, झाडं, शेजार यावरून जोरदार विरोध केला होता. पण नियम इतका सरसकट होता, की अमुक गल्लीच का, हा प्रश्नच फारसा उरला नाही. पुढच्या वर्षांत बांधकाम परवानग्या बऱ्याच वाढल्या. आपल्याकडे ते जसंच्या तसं चालणार नाही, कारण आपल्या गल्ल्या खरंच अरुंद आहेत. पण बंगलेवाल्या काकांशी भांडण्याऐवजी, गल्लीने एकत्र येऊन पाणी, ड्रेनेज, झाडं आणि रस्ता यांचा एकच आराखडा पालिकेपुढे ठेवला, तर काकांकडे मागायला काहीतरी असेल आणि द्यायलाही. त्यांचा आंबा वाचवून फुटपाथ वळवता येईल का, हे आजपर्यंत त्यांना कोणी विचारलेलंच नाही.

मंगळवारी ऑफिसला जायच्या आधी मी आणि बाबा टेप घेऊन रस्ता मोजायला गेलो. कागदावर सहा मीटर आहे. आमच्या गेटसमोर भरला पाच मीटर ऐंशी. काकांच्या कोपऱ्यावर पाच चाळीस. टेपचं दुसरं टोक काकांनीच धरलं होतं. पुढची मीटिंग येत्या रविवारी, त्यांच्याच अंगणात आहे. आजीला खुर्चीत बसवून खाली आणायचं ठरलंय.

तुमच्या गल्लीची रुंदी मोजून मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.